बाया सांगायला कोण जाणार

रूपला नाईक तांड्यातल्या उज्ज्वलाला कोडिंग येत नव्हतं, आणि हे तिनं कोणापासून लपवूनही ठेवलं नव्हतं. तिला बी.ए.चं समाजशास्त्र येत होतं, ऊस तोडता येत होता, सोयाबीन सोंगता येत होतं, आणि मोबाइल अडकला तर तो बंद करून पुन्हा चालू करता येत होता. एवढ्या भांडवलावर तिनं मोबाइल ॲपचा धंदा काढायचं ठरवलं. तांड्यानं हसायचं तेवढं हसून घेतलं. हसायला कोणी मजुरी मागत नाही, म्हणून ते जरा जास्तच झालं.

मालेगावला एसटी स्टँडच्या मागं अमरदीपचं ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं दुकान होतं. दुपारी गिऱ्हाईक नसलं की त्याचा दुसरा कॉम्प्युटर रिकामा असे, आणि उज्ज्वला त्याच्यासमोर जाऊन बसे. तयार ठोकळे एकमेकांना जोडून ॲप बनवता येतं, कोडिंगची एक ओळ लिहावी लागत नाही, हे तिनं फोनवरच्या व्हिडिओत पाहिलं होतं. अमरदीपला ते पटेना. कोडिंगशिवाय ॲप म्हणजे बैलाशिवाय बंडी, असं तो म्हणाला. त्यावर उज्ज्वलानं त्याला विचारलं होतं, "शिवणकाम येत नाई म्हून कोणी बिनाब्लाऊजचं हिंडते का, दादा?" त्यानंतर अमरदीपनं त्या विषयाचं नाव काढलं नाही, उलट चहा मागवला.

पेरण्या आटोपल्या तेव्हा तिनं सुरुवात केली आणि पोळा होऊन गेला तरी ती ठोकळेच जोडत होती. एकदा एक ठोकळा पुसला तर सगळ्या टोळ्यांची नावं गायब झाली. एकदा शेतकऱ्याचे एकर त्याच्या फोन नंबरात जाऊन बसले. ती रडकुंडीला यायची, शेवटची बस पकडायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. शेवटी एकदाचं ते उभं राहिलं. नाव ठेवलं 'टोळी', चित्र घेतलं इळ्याचं, म्हणजे विळ्याचं. अमरदीपनं येईल त्या गिऱ्हाइकाला सांगायला सुरुवात केली की आम्ही ॲप बनवलं. खुर्ची त्याची होती, तेव्हा 'आम्ही' म्हणायला थोडीफार जागा होती म्हणा.

काम साधं होतं. दसऱ्याच्या आगेमागे सगळ्या शिवाराचं सोयाबीन एकदमच सोंगायला येतं. वेळेत सोंगलं नाही तर उन्हानं शेंगा तडकतात आणि दाणा मातीत जातो. मग तिन्हीसांजेला शेतकरी मोटरसायकली घेऊन या तांड्यावरून त्या तांड्यावर बाया शोधत फिरतात. याला म्हणतात बाया सांगणं. एका तांड्यात तिघं शेतकरी एकाच टोळीसाठी भांडतात आणि पलीकडच्या तांड्यात टोळी हातावर हात धरून बसते. उज्ज्वलाच्या ॲपमध्ये शेतकऱ्यानं गाव, एकर आणि दिवस टाकायचा, कोणती टोळी मोकळी आहे ते दिसायचं, तिच्यावर बोट ठेवायचं. निरोप टोळीच्या म्होरकीच्या फोनवर जायचा. तिथं एक हिरवं बटण होतं, 'हाव', आणि एक लाल, 'नाई'. जमलेल्या कामामागं शेतकऱ्यानं उज्ज्वलाला थोडं काही द्यायचं, बायांच्या मजुरीला हात लावायचा नाही.

पहिली टोळी तिच्या सासूचीच, कमलीबाईची. ॲपमध्ये ते नाव उज्ज्वलानं बोटानं टाइप केलं, तोंडानं मात्र कधी घेतलं नव्हतं. तांड्यात सून सासूचं नाव घेत नाही. ती तिला याडी म्हणे, म्हणजे आई. बोटानं लिहिलेलं चालतं की नाही याचा नियम जुन्या माणसांनी करून ठेवलेला नव्हता, आणि उज्ज्वलानंही तो कोणाला विचारला नाही.

एवढा खटाटोप कशासाठी, हे तांड्याला ठाऊक नव्हतं. तिच्या नवऱ्याला, बादलला ठाऊक होतं. लग्न झाल्यापासून दरवर्षी दिवाळी झाली की दोघं ऊसतोडीला जात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादम कोयते मोजी, आणि त्याच्या मोजणीत उज्ज्वला म्हणजे बादलच्या कोयत्याची दुसरी बाजू, बस. घरामागच्या दीड एकरात हरभरा कधी फुलला, कधी घाट्यावर आला, तिनं पाहिलं नव्हतं. घरी परत येईतो होळीची राख थंड झालेली असायची. आणि तांड्याची होळी म्हणजे काही साधीसुधी होळी नव्हे. डफावर लेंगी म्हणत सगळा तांडा फेर धरतो, म्हाताऱ्यासुद्धा घरात बसत नाहीत. माहेरी असताना उज्ज्वला लेंगी म्हणण्यात पुढं असायची. सासरच्या तांड्याची होळी तिनं ऐकली ती फोनवर, उसाच्या फडातल्या पाचटाच्या कोपीत बसून. मागच्या वर्षी कोणीतरी तिकडून फोन लावून डफाजवळ धरला होता. ती ऐकता ऐकता इतकी रडली की बादल बाहेर जाऊन बसला.

बादल वाईट नव्हता. "मले का ऊस गोड लागते?" असं तो म्हणे, आणि ते खरंच होतं. पण घर चालायला पाहिजे. शेवटी दोघांचं ठरलं. दसऱ्यापर्यंत उज्ज्वलाचं ॲप चाललेलं दिसलं, तर तो मुकादमाला नाही म्हणेल. मुकादम हरिसिंग शेजारच्या तांड्याचा, नात्यातला. तो दसऱ्याच्या आधी कोयते पक्के करायला येतोच. तोवर ॲप लंगडत असेल, तर उज्ज्वलानं मुकाट्यानं बोचकं बांधायचं.

तर असा दसरा जवळ आला असताना उज्ज्वलाच्या फोनवर पहिलं काम आलं. खालच्या गावचे पुंजाजी, त्यांचं नाल्याकडचं मोठं वावर, दिवस उद्याचा, टोळी कमलीबाईची. उज्ज्वला नुसती नाचायची बाकी होती. तिनं सासूला फोन दाखवला, काय आलं आहे ते वाचून सांगितलं. कमलीबाईनं हात पदराला पुसले, बोट नीट सरळ केलं आणि 'हाव' दाबलं. ॲपमध्ये हिरवी खूण आली. तिकडं पुंजाजींच्याही फोनवर ती गेली, आणि त्यांनी ती गावात चार जणांना दाखवली.

त्या संध्याकाळी कमलीबाई दारात बसून राहिली. चुलीवर चहाचं आधण ठेवलं होतं, ते दोनदा आटलं. अंधार पडला तरी ती उठेना. उज्ज्वलाला वाटलं, याडी हवेला बसली आहे. ती स्वतः फोनमधल्या हिरव्या खुणेकडं पाहत होती, तिला बाकी काही दिसत नव्हतं.

सकाळी हांडा घेऊन ती नळावरून आली, तर सासू अंगण झाडत होती. इळा वळचणीला होता तिथंच. एव्हाना टोळी वावरात पोचायला हवी होती. समोरच्या ओसरीवर रुपाबाई हातात सुपडं घेऊन निवांत डाळ पाखडत होती. रुपाबाई टोळीतली सगळ्यात जुनी बाई. उज्ज्वलानं सासूला विचारलं, आज वावरात जायचं नाही का?

"कोणाच्या?" कमलीबाई झाडता झाडता म्हणाली.

"पुंजाजीकाकाच्या. काल तुमी हाव दाबलं ना, याडी."

"दाबलं ना. बाया मोकळ्या हायेत का, म्हून फोननं इचारलं, मी हाव म्हटलं. मंग सांगाले कोणी आलंच नाई. मी वाट पाह्यली. आता न सांगता कोणाच्या वावरात शिराव का?"

उज्ज्वलानं तिला समजावून पाहिलं. ते बटण म्हणजेच सांगणं, तेवढ्यासाठीच तर तिनं सगळा पावसाळा मालेगावला खेपा घातल्या. कमलीबाईनं खराटा भिंतीला टेकवला. ती चिडलेली नव्हती, उलट सुनेची कीव आल्यासारखी बोलली.

"आपण काम मांगाले जात नाई वं, पोरी. काम आपल्या दारात येते, नाव घेऊन बोलावते, मंग आपण जातो. एवढंच त हाय आपल्याजवळ."

उज्ज्वला हांडा डोक्यावर तसाच घेऊन उभी होती. तेवढ्यात फोन वाजला. पुंजाजी होते. त्यांनी जे काही सुनावलं त्यात तिच्या ॲपचा, तिच्या शिक्षणाचा आणि एकूणच मोबाइल जातीचा उद्धार होता. इतकी वर्षं बायको सांगायला जात होती तेव्हा एक दिवस खाडा पडला नाही, आणि या बटणाच्या नादी लागून शेंगा तडकायची वेळ आली. त्यांचंही चुकलं नव्हतं. ऊन तर सकाळपासूनच भाजत होतं.

बादल मोटरसायकल पुसत होता. त्यानं सगळं ऐकलं होतं. संध्याकाळी हरिसिंग येणार असल्याचं त्यानं हळूच सांगितलं, आणि तेही फडक्याकडं बघत. उज्ज्वलानं हांडा उतरवला, वळचणीचा इळा घेतला आणि चालू लागली.

वावर पिवळं पडून उभं होतं. पुंजाजी बांधावर फोन हातात धरून बसले होते आणि मनकर्णाबाई, त्यांची बायको, एकटीच एका कडेनं सोंगत होती. एवढ्या मोठ्या वावरात एक बाई म्हणजे समुद्रातून तांब्या भरल्यासारखंच. उज्ज्वलानं पुंजाजींच्या पाया पडून चूक माझी म्हणून सांगितलं. ते तोंड फिरवून बसले. मग ती मनकर्णाबाईच्या शेजारच्या ओळीला लागली. मधूनमधून कुठंतरी शेंग फुटल्याचा आवाज येई आणि मनकर्णाबाईचा हात क्षणभर थांबे.

पाणी प्यायला बसल्या तेव्हा मनकर्णाबाईनं कालचं सांगितलं. ती सांगायला निघालीच होती, पायात चपलाही घातल्या होत्या. पण नवरा म्हणाला, कायले जातं, फोननं सांगितलं ना. तिला ते खरं वाटलं नव्हतं. तरी ती थांबली, कारण तिचे गुडघे दुखत होते आणि एकदा तरी त्यांना सुटी मिळते का, म्हणून तिलाही ते खरं वाटायला हवंच होतं. हे सांगताना ती जरा ओशाळली. दोघींनी मिळून एकमेकींची चूक वाटून घेतली, तशी उज्ज्वलाची छाती थोडी हलकी झाली.

आणि मग तिला आपली पहिली सुगी आठवली. इतकी साधी गोष्ट ती कशी विसरली होती, याचाच तिला अचंबा वाटला. ती नवी नवरी होती. सासू टोळी घेऊन निघाली तशी तीही मागोमाग गेली. सांगणारीनं तिचं नाव घेतलेलं नव्हतं, कारण ती तांड्यात आल्याचं त्या बाईला माहीतच नव्हतं. दुपारी वावराची मालकीण ओळी पाहायला आली आणि म्हणाली, ही कोण, हिला कोणी सांगितलं? विचारण्यात काही वाकडं नव्हतं. पण उज्ज्वलाला वाटलं, आपण न बोलावता लग्नाच्या पंगतीला बसलो आणि वाढणाऱ्यानं पत्रावळीपाशी हात थांबवला. तो दिवस तिनं मान वर न करता काढला. दुसऱ्या संध्याकाळी हीच मनकर्णाबाई तांड्यात आली होती. एकेका दारात उभी राहून एकेकीचं नाव घेत ती कमलीबाईच्या अंगणात आली आणि म्हणाली, "आन नव्या सुनेचं नाव काय वं? उज्ज्वला? उज्ज्वला, तू बी ये उद्या." उज्ज्वला चुलीशी भाकर थापत होती, तिचे हात थांबले. लग्नानंतर तांड्याबाहेरच्या कोणी तिला नावानं हाक मारायची ती पहिलीच वेळ. त्या रात्री तिला सासर आपलं वाटलं.

हे तिनं मनकर्णाबाईला सांगितलं. मनकर्णाबाईला अर्थातच काही आठवत नव्हतं. तिनं आयुष्यात किती जणींना हाका मारल्या असतील.

"मंग आज जा ना, मावशी, सांगाले," उज्ज्वला म्हणाली. "उद्या सगळी टोळी येईन."

पण मनकर्णाबाईला जाता येत नव्हतं. तिची मुलगी राखी बाळंतपणाला आली होती, तिला कारंज्याच्या दवाखान्यात भरती केलं होतं, आणि दुपारच्या बसनं मनकर्णाबाईला तिकडं निघायचं होतं. पुंजाजी गेले तर बाया ऐकणार नाहीत असं नाही, पण ते आजवर कधी कोणाच्या दारात सांगायला गेलेच नव्हते. बांधावरून ओरडण्यात त्यांचा हातखंडा, दारात जाऊन आर्जव करण्याची सवय नाही. आणि आज तर त्यांचं डोकं तापलेलं.

उज्ज्वला इळा हातात घेऊन बसली होती. तिच्या मनात जे आलं ते धंद्याच्या दृष्टीनं अगदीच उलटं होतं. बाया सांगत फिरण्याची पायपीट संपावी म्हणून तिनं ॲप काढलं, आणि आता तीच पायपीट स्वतःच्या गळ्यात घ्यायला निघाली होती. तरी तिनं विचारलं. मनकर्णाबाईचं नाव घेऊन ती स्वतः दारोदार जाऊन सांगेल, चालेल का? दुसऱ्याकडून सांगावा धाडायची रीत जुनीच होती. आजारी बाई शेजारणीला पाठवते, कोणी नणंदेला पाठवतं. सांगणारं माणूस असलं, त्यानं कोणाचं काम ते सांगितलं आणि नाव घेऊन बोलावलं की झालं.

मनकर्णाबाईनं तिच्याकडं नीट पाहिलं. "कमलीच्या दारात कोण सांगन? तुई सासू हाय ते. नाव घ्या लागते."

"घेईन," उज्ज्वला म्हणाली.

मग तिनं पुंजाजींना नवी पद्धत सांगितली. बाया कुठं मोकळ्या आहेत ते फोन पाहील, एवढंच फोनचं काम. सांगायला ती जाईल, आणि बायांनी तोंडानं येतो म्हटल्याशिवाय हिरवी खूण येणार नाही. पुंजाजी म्हणाले, उद्या बाया आल्या तर बोलू. त्यांनी फोन खिशात ठेवला, आणि दुपारी बायकोला बसवर सोडायला जाण्याआधी उज्ज्वलाच्या हातात पाण्याची बाटली दिली. ती संध्याकाळपर्यंत एकटीच सोंगत राहिली. वावराला त्याचा काही फरक पडला नाही, पण तिला बसून राहवेना.

उन्हं उतरली तशी ती तांड्याकडं परतली. बादलची मोटरसायकल अंगणात होती, आणि तिच्या शेजारी हरिसिंगचीही. हरिसिंग बाजेवर बसून चहा पीत होता, बादल खाली टेकला होता. कोयत्याचंच बोलणं चाललेलं असणार, कारण तिला पाहताच बादल गप्प झाला. हरिसिंगनं हसून विचारलं, ये वं, तुझ्या मोबाइलची टोळी आज कुठं गेलती? बातम्या तांड्यात चपला न घालता पळतात.

उज्ज्वलाला सरळ घरात जाता आलं असतं. हात-पाय धुऊन चुलीशी बसून, याडी, उद्या पुंजाजीकाकाकडं जाऊ ना, असं सासूला हळूच विचारता आलं असतं. पण ते सांगणं झालं नसतं, घरातलं बोलणं झालं असतं. आणि मग बाकीच्या दारांत ती कोणत्या तोंडानं उभी राहिली असती? ती अंगणाच्या कडेला थांबली, जिथं मनकर्णाबाई थांबते तिथंच. डोक्यावरचा पदर नीट केला. आतून तव्याचा आवाज येत होता. समोरच्या ओसरीवर रुपाबाई बसली होती आणि बघत होती.

"कमलीबाई," तिनं हाक मारली. आवाज फुटला नाही, म्हणून पुन्हा मारली. "कमलीबाई वं. मनकर्णाबाईनं सांगाले धाडलं. उद्या पुंजाजीच्या नाल्याकडच्या वावरात सोयाबीन सोंगाले टोळी घेऊन या."

रुपाबाईचा हात तोंडाशी गेला. हरिसिंगची बशी हातातच राहिली. बादल उठून उभा राहिला, आणि उठून काय करायचं ते त्याला सुचेना. आतला तव्याचा आवाज बंद झाला.

कमलीबाईला दारात यायला जो वेळ लागला तो उज्ज्वलाला उसाच्या हंगामाएवढा वाटला. ती आली. तिनं सुनेकडं पाहिलं नाही, सांगायला आलेल्या बाईकडं पाहिलं. परक्या बाईसमोर घ्यावा तसा पदर डोक्यावर पुढं ओढला, हाताचं पीठ झटकलं आणि प्रत्येक सांगणारीला विचारते तेच विचारलं. वावर सगळं एकदाच सोंगायचं की अर्धं? प्यायचं पाणी वावरात कोण आणणार? उज्ज्वलानं एकेका गोष्टीचं उत्तर दिलं. तिला बोलताना तिसरंच कोणी आपल्या तोंडून बोलतं आहे असं वाटत होतं.

"येतो," कमलीबाई म्हणाली.

एवढंच. पण तिथं झालं नाही. कमलीबाई मागं वळली आणि बादलला म्हणाली, सांगाले आलेल्या बाईले पाणी दे, चुलीवर च्या ठेवला हाय. चार वर्षं त्या चुलीवरचा चहा उज्ज्वलानं सगळ्यांना करून दिला होता, तिला मात्र कोणी बसवून दिला नव्हता. बादल तांब्या भरून घेऊन आला.

कमलीबाई उंबऱ्यावर बसली. आता ती सुनेकडं पाहत होती, पण आवाज अजून परक्या बाईशी बोलायचाच होता, आणि चांगला मोठा होता, म्हणजे बाजेवर बसलेल्यालाही ऐकू जावा इतका.

"बाई, एक पुसतो. सोयाबीन झालं की कापूस हाय. मंग हरभरा, मंग गहू. होळीपावतर बायाईले कामच काम. तवाबी सांगाले तूच येशील, का दुसरं कोणी?"

याचं उत्तर उज्ज्वलाजवळ नव्हतं. ज्याच्याजवळ होतं तो तिच्यासमोर तांब्या धरून उभा होता. तिनं बादलकडं पाहिलं. तिला वाटलं होतं आपण रागानं पाहू, विनवणीनं पाहू, पण तिला फार थकल्यासारखं झालं होतं आणि तिनं फक्त पाहिलं. तिच्या हातांना सोयाबीनच्या खुंटांनी ओरखडे काढले होते. बादलनं ते पाहिले असावेत. चार वर्षांत आईसमोर त्यानं बायकोचं नाव घेतलं नव्हतं, "अवं" म्हणूनच भागवलं होतं.

"उज्ज्वलाच येईन," तो म्हणाला. मग हरिसिंगकडं न पाहताच त्यानं तेच दुसऱ्या शब्दांत सांगितलं, "आमचा कोयता औंदा नाई, भाऊ."

हरिसिंगनं राहिलेला चहा पिऊन टाकला. तो मुकादम असला तरी नात्यातला होता, आणि दारात झालेल्या सांगण्यावर बोलायचं नसतं एवढं त्याला कळत होतं. पुढच्या तांड्यात जायला उशीर होतो आहे असं म्हणत तो उठला.

उज्ज्वला तिथंच उभ्यानं पाणी प्यायली. आत जाऊन रडावंसं वाटत होतं, पण अजून सगळा तांडा सांगायचा राहिला होता आणि दिवस बुडत आला होता. फोनवरची हिरवी खूणही अजून यायची होती. तिनं तांब्या बादलच्या हातात दिला, पदर सारखा केला आणि समोरच्या दाराकडं वळली.

"रुपाबाई," तिनं हाक मारली. या वेळी आवाज पहिल्या हाकेलाच नीट फुटला.